पुढे चाल

रॉजर मॅरिसच्या नावापुढचं ते शून्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती छपाईतली चूक वाटली. समोर १९६१ सालच्या न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा फलंदाजीचा तक्ता होता. त्या मोसमात मॅरिस १६१ सामने खेळला, त्यानं ६१ होमरन मारले आणि बेब रूथचा १९२७ सालापासून उभा असलेला ६० होमरनचा विक्रम मोडला. ९४ वेळा त्याला वॉक मिळाला. आणि त्याच ओळीत, इंटेन्शनल वॉकच्या अरुंद रकान्यात, शून्य. ज्याच्या धाकानं समोरच्या संघांनी हात आखडता घ्यायला हवा होता, त्याला अख्ख्या मोसमात एकदाही कुणी मुद्दाम टाळलं नव्हतं.

या रकान्यापर्यंत मी आलो तो एका शब्दाचं बोट धरून. २००२ सालच्या ऑक्टोबरात मी एका दैनिकाच्या क्रीडापानावर रात्रपाळीला होतो. अमेरिकेत वर्ल्ड सिरीज चालू होती, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स विरुद्ध अनाहाइम एंजल्स. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीत होतं की एंजल्सनी बॅरी बाँड्सला 'वॉक' केलं. सहकाऱ्यानं भाषांतर केलं, 'एंजल्सनी बाँड्सला चालता केला.' वाक्य मराठी म्हणून इतकं सरळ आणि ठसठशीत होतं की माझी पेन्सिल त्याच्यावर क्षणभरही अडखळली नाही. चार दिवसांनी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. अक्षर वळणदार, मजकूर दोनच ओळींचा: चालता केला म्हणजे बाद केला ना? मग पुढच्याच वाक्यात तो पहिल्या बेसवर उभा कसा?

प्रश्न बिनतोड होता. ते कार्ड अजून माझ्या शब्दकोशात खुणेसाठी ठेवलेलं आहे.

आधी खेळातली गोष्ट सांगतो. पिचरनं टाकलेला चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेरून गेला आणि फलंदाजानं बॅट फिरवली नाही, तर पंच त्याला 'बॉल' ठरवतो. असे चार बॉल झाले की फलंदाज बॅट खाली टाकतो आणि पहिल्या बेसकडे निघतो. त्याला वाटेत कुणी बाद करू शकत नाही, म्हणून धावायची गरज नाही. तो चालत जातो. 'वॉक' हे नाव त्या चालण्यावरून पडलं. नियमांच्या पुस्तकात मात्र या प्रकाराचं नाव 'बेस ऑन बॉल्स' असं आहे. पूर्वी चार बॉलही पुरत नसत. १८७९ साली नऊ बॉल लागायचे, मग आकडा उतरत उतरत १८८९ साली चारावर येऊन थांबला. मधेच १८८७ या एका वर्षी वॉकची गणती चक्क फटक्यांमध्ये झाली. सेंट लुईसच्या टिप ओनीलची सरासरी त्या हिशेबानं .४९२ वर गेली. पुढच्याच वर्षी तो हिशेब रद्द झाला. न मारता मिळालेल्या बेसला काय म्हणायचं आणि तो कुणाच्या खात्यावर लिहायचा, हा घोळ तेव्हापासूनचा. क्रिकेटचं वार्तांकन करत करत बेसबॉलकडे वळलेले आणि धावफलकाचा साचा घालून देणारे हेन्री चॅडविक तर वॉकला पिचरची चूक मानत. फलंदाजाला त्याचं श्रेय द्यायला ते तयार नव्हते.

समोरचा फलंदाज फार धोक्याचा असेल, तर पिचर त्याला जाणूनबुजून चार बॉल टाकतो. एक बेस देऊन टाकायचा आणि मोठा फटका टाळायचा. हा इंटेन्शनल वॉक.

आता 'चालता केला' का चुकलं ते पाहू. मराठीत चालणे आपल्या पायांनी होतं. त्याचं प्रयोजक रूप केलं की अर्थ भलतीकडे जातो. घर चालवतात, दुकान चालवतात, गाडी चालवतात. यांतल्या कुठल्याच चालवण्यात पाय उरलेले नाहीत. आणि माणसाला 'चालता करणे' म्हणजे हाकलणे. क्रिकेटच्या वर्णनात ते बाद करण्यासाठी वापरतात, तंबूत धाडण्याचा सख्खा भाऊ. इंग्रजीला एकच क्रियापद दोन्हीकडे वाकवता येतं: तो चालला हेही वॉक आणि त्याला चालायला लावलं हेही वॉक. मराठी क्रियापद विचारतं, चालला कोण आणि चालवलं कुणी, ते आधी ठरवा. इंटेन्शनल वॉकमध्ये या दोघांत फरक करणं हाच सगळा मुद्दा असतो, त्यामुळे मराठीची ही हुज्जत मला फार मोलाची वाटते.

शिवाय क्रिकेटमध्येही 'वॉक' आहे, आणि तो अगदी उलट दिशेचा. आपण बाद आहोत हे फलंदाजाला ठाऊक असतं, पंचाचं बोट वर गेलेलं नसतं, तरी तो तंबूची वाट धरतो. २००३ सालच्या विश्वचषकात श्रीलंकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पंच रुडी कुर्टझन यांनी बाद दिलं नसताना अ‍ॅडम गिलख्रिस्ट असाच निघून गेला होता. एका खेळात चालणारा मैदान सोडतो, दुसऱ्या खेळात चालणारा मैदानात शिरतो. पहिल्यात हेतू चालणाऱ्याचा असतो, दुसऱ्यात चालायला लावणाऱ्याचा.

इंग्रजी शब्दांची मुळं उकरू लागलो तेव्हा मला जे सापडलं त्यानं कित्येक रात्री आनंदात गेल्या. 'वॉक' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ चालणे हा नव्हताच. लोळणे, हेलकावणे असा होता. त्याची जर्मन भावंडं कापड तुडवून घट्ट करण्याच्या धंद्यात सापडतात, आणि 'वॉकर' हे आडनाव कापड तुडवणाऱ्यांचं. काही भाषाभ्यासक या शब्दाचं नातं संस्कृत 'वल्ग्', म्हणजे उड्या मारणे, या धातूशी जोडतात. आपली वल्गना त्याच वल्ग् पासून आली. 'बेस' हा ग्रीक 'बासिस', आणि बासिसचा मूळ अर्थ पाऊल, पाऊल टाकणं. पाऊल टेकतं ती जागा हा पुढचा अर्थ. ज्या ग्रीक क्रियापदापासून तो झाला ते आपल्या 'गम्' धातूचं सगोत्र, म्हणजे गमन, गती, आगमन यांच्या घरातलं. बेसबॉलच्या जुन्या बातम्यांत वॉकला 'पास' म्हणत, फ्री पास. तो 'पास' लॅटिन 'पासुस' वरून आला आणि पासुस म्हणजे पुन्हा पाऊलच. वॉक, बेस, पास: तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले हे शब्द पहिल्या बेसच्या त्या चौकोनी गादीवर पायच टेकवतात.

फ्री पासचं अजून एक नाव मला विशेष आवडतं: 'अ‍ॅनी ओकली'. बफेलो बिलच्या खेळात बंदूक चालवणारी ही बाई पत्ते हवेत उडवून त्यांना गोळ्यांनी भोकं पाडायची. त्या काळी खेळांच्या फुकट तिकिटांना खूण म्हणून भोकं पाडत, म्हणून असं तिकीट म्हणजे अ‍ॅनी ओकली, आणि मग फुकट मिळालेला बेसही अ‍ॅनी ओकली. नाटकाचे फुकट पास आपल्याकडेही घरोघर फिरतात, पण एका नेमबाज बाईचं नाव त्यांच्यावर कोरलं जाण्याचं भाग्य मराठी पासाला लाभलेलं नाही.

हे सगळं पायांचं झालं. अवघड गोष्ट आहे 'इंटेन्शनल'. मनातला हेतू रकान्यात कसा उतरवायचा?

मेजर लीगमध्ये हा आकडा अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली १९५५ साली. म्हणजे रूथला, लू गेरिगला कितीदा मुद्दाम बेस दिला गेला, याचा अधिकृत रकानाच नाही. रूथला १९२३ साली १७० वॉक मिळाले हे पक्कं नोंदलेलं आहे. त्यांतले मुद्दाम दिलेले किती, हे त्या नोंदीतून निघत नाही. १९५५ पासून गुणलेखकानं हेतू ओळखायचा होता, आणि त्यासाठी नियमानं जी खूण दिली ती पाहून मी थक्क झालो. शेवटचा चेंडू पिचरनं चौकटीत टाकायचा प्रयत्नच केला नाही, आपल्या जागेच्या आखलेल्या चौकोनाबाहेर गेलेल्या कॅचरकडे तो मुद्दाम रुंद फेकला, तर तो वॉक इंटेन्शनल धरायचा. पिचरचं मन वाचायला कॅचरचे पाय पाहायचे.

ते दृश्य जुन्या चित्रफितींत मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. एरवी उकिडवा बसलेला कॅचर उठतो. गुडघ्यावरची माती झटकत नाही, नुसता सरळ उभा राहतो आणि फलंदाजाच्या विरुद्ध बाजूला हात लांबवतो. पिचर हातातला सगळा जोर काढून घेऊन चेंडू सोडतो, अंगणात लहान मुलाकडे टाकावा तसा. चेंडू टाकताक्षणी कॅचर एक मोठं पाऊल बाजूला टाकून तो झेलतो. असं चारदा. प्रेक्षक ओरडत असतात, फलंदाज बॅट खांद्यावर टेकवून कुठे तरी लांब पाहत असतो. १९२० साली ही पद्धतच बंद करावी असा प्रयत्न झाला होता. शेवटी निष्पन्न झालं ते एवढंच की चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत कॅचरचे दोन्ही पाय त्याच्या चौकोनात पाहिजेत. पुन्हा पायच!

पिचर म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज, आणि 'गोलंदाज' शब्दातला फारसी 'अंदाज' म्हणजे फेकणारा. तोफेचा गोळा फेकतो तो गोलंदाज. आपण नुसतं 'अंदाज' म्हणतो तेव्हा अर्थ होतो अदमास. फेक आणि अदमास एकाच शब्दात नांदतात, आणि गुणलेखकाचं काम नेमकं तेच: फेकीवरून हेतूचा अदमास. तो चुकायला जागा भरपूर. पिचर कॅचरला न उठवताच चेंडू चौकटीच्या कडेकडेनं बाहेर ठेवत राहिला, तर मनात टाळण्याचाच विचार असूनही तो साधा वॉक म्हणून लिहिला जातो. मॅरिसच्या ९४ वॉकमध्ये असे किती होते ते कुठल्याच तक्त्यातून काढता येणार नाही.

उलटही घडतं. १९७२ सालच्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, सिनसिनाटी रेड्सचा जॉनी बेंच फलंदाजीला. तीन बॉल, दोन स्ट्राइक. ओकलंडचे मॅनेजर डिक विल्यम्स मैदानात येऊन बोलून गेले. कॅचर जीन टेनेस उभा राहिला, हात लांबवला. आता मुद्दाम वॉक देणार हे सगळ्या स्टेडियमला दिसलं. रॉली फिंगर्सनं हात फिरवला, टेनेस झपकन खाली बसला आणि चेंडू चौकटीतून आत आला. तिसरा स्ट्राइक. बेंच जागच्या जागी बाद.

ही गोष्ट वाचली आणि मला मराठी 'चाल' आठवली. पायांची चाल, हत्तीची चाल, पदाला लावलेली चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूवर चाल करून जाणं आणि शेवटी कपटाची चाल. एवढ्या अर्थांचं ओझं इंग्रजी 'वॉक' कधी उचलत नाही. फिंगर्स आणि टेनेस यांनी दाखवली ती पायांची चाल आणि खेळली ती डोक्यातली. मराठीत या दोन्हींसाठी शब्द बदलावा लागत नाही.

मग त्या पोस्टकार्डाला उत्तर काय द्यायचं? पुष्कळ दिवस मी 'हेतुपुरस्सर दिलेला बेस' असं काहीतरी लिहीत होतो. शाळकरी भाषांतर होतं, कानाला बोचायचं. उत्तर माझ्या स्वतःच्या पानावर रोज छापलं जात होतं. कॅरमच्या, टेनिसच्या, बुद्धिबळाच्या निकालांत आपण कायम लिहितो: प्रतिस्पर्धी न आल्यामुळे अमक्या खेळाडूला पुढे चाल मिळाली. पुढे चाल! वॉकओव्हरसाठी मराठी क्रीडापानांनी रुळवलेला हा शब्द. इंग्रजी वॉकओव्हर घोड्यांच्या शर्यतीतून आला. शर्यतीत एकच घोडा उरला तरी बक्षीस घेण्यासाठी त्याला मैदान चालून पार करावं लागे. तिथेही धावण्याची गरज संपलेली, आणि उरलेलं ते चालणं.

कुणी म्हणेल, पुढे चाल मिळते ती समोरचा हजर नसल्यावर. इथे तर पिचर आपल्या आठ सहकाऱ्यांसह मैदानात उभा आहे. खरं आहे. पण तो त्या एका लढतीतून अंग काढून घेतो. हजर राहून गैरहजेरी पत्करतो. मला तरी 'पुढे चाल' याहून चपखल शब्द सुचत नाही. शिवाय मराठीत पुढे चाल 'मिळते' आणि 'देतात', म्हणजे घेणारा आणि देणारा दोघेही वाक्यात आपापल्या जागी राहतात. बाँड्सला पुढे चाल दिली, असं लिहिलं असतं तर ते पोस्टकार्ड आलंच नसतं.

आणि एका संध्याकाळी 'हेतुपुरस्सर' शब्द कोशात पुन्हा पाहिला. 'पुरस्' म्हणजे पुढे. ज्याला पुढे करायचं, मान द्यायचा, तो पुरस्कार याच 'पुरस्' चा. 'सर' म्हणजे सरणारा, जाणारा. सृ धातू, सरिता आणि सरकणे यांचा. पुरस्सर म्हणजे पुढे चालणारा. हेतू ज्याच्या पुढे चालतो ते हेतुपुरस्सर. आणि 'हेतु' हा 'हि' धातूपासून झालेला, त्याचा अर्थ प्रेरणे, धाडणे, फेकणे. मी वर्षभर कंटाळून जो शब्द खोडत होतो त्यात फेक होती आणि पुढे चालही होती. इंटेन्शनल वॉक हा सबंध खेळ त्या एका जुन्या समासात आधीच वसलेला होता. त्या संध्याकाळी मी कोश बराच वेळ उघडाच ठेवला.

पुढे चाल किती द्यावी याची हद्द बाँड्सच्या बाबतीत झाली. २८ मे १९९८ रोजी फिनिक्सला अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स ८-६ असे पुढे होते. नववा डाव, दोघे बाद, तिन्ही बेस भरलेले. मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी बाँड्सला तशाही स्थितीत पुढे चाल दिली, म्हणजे एक धाव आपल्या हातानं वाढली. ८-७. पुढचा फलंदाज ब्रेंट मेन याचा फटका उजवीकडे झेलला गेला आणि डायमंडबॅक्स जिंकले. २००४ सालच्या मोसमात तर बाँड्स ६१७ वेळा फलंदाजीला आला आणि त्यांतल्या १२० वेळा त्याला मुद्दाम पुढे चाल मिळाली. दर पाचांत एकदा. त्याच जायंट्सच्या विली मॅकोव्हीचा १९६९ सालचा ४५ चा विक्रम बाँड्सनं आधीच २००२ मध्ये ६८ वर नेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानात प्रेक्षक अशा प्रत्येक वॉकला भिंतीवर एक रबरी कोंबडी टांगत. इंग्रजीत भित्र्याला कोंबडी म्हणतात. मराठीत तिथे भागूबाई असते, नाहीतर ससा. आपल्याकडे कोंबड्याचं काम वेगळं, तो झाकला तरी तांबडं फुटायचं राहत नाही. आणि १२० वेळा झाकूनही बाँड्सनं त्या वर्षी ४५ होमरन मारलेच.

२०१७ पासून चार चेंडू टाकावेच लागत नाहीत. मॅनेजर खूण करतो, पंच हात दाखवतो, फलंदाज निघतो. हेतू आता शंभर टक्के स्पष्ट झाला, गुणलेखकाला पाय पाहावे लागत नाहीत. मला मात्र हे दुखतं. २००६ सालच्या जूनमध्ये फ्लोरिडा मार्लिन्सच्या मिगेल काब्रेरानं मुद्दाम बाहेर टाकलेला असाच एक सुस्त चेंडू हात लांबवून उजवीकडे मारला आणि धाव मिळवली होती. चेंडू सुटतो तोवर हेतू पालटायला जागा असते. आता ती जागा राहिली नाही.

आता पुन्हा मॅरिसच्या शून्याकडे. 'शून्य' हा शब्द 'शून' पासून झाला, आणि शून म्हणजे सुजलेलं, फुगलेलं. फुगलेलं आतून पोकळ, म्हणून शून्य. अरबांनी त्याचं 'सिफ्र' केलं, त्यातून युरोपात 'झीरो' झाला आणि तो फिरत फिरत न्यूयॉर्कच्या त्या तक्त्यात मॅरिसच्या ओळीत येऊन बसला. तो रकाना रिकामा का राहिला याचं उत्तर फलंदाजीच्या क्रमात आहे. मॅरिस तिसरा यायचा आणि त्याच्या मागे चौथा, बॅट घेऊन तयार, मिकी मँटल. त्या वर्षी मँटलचे ५४ होमरन. त्या संघात सहा जणांनी वीस किंवा त्याहून जास्त होमरन मारले, सगळ्यांचे मिळून २४०. मॅरिसला पुढे चाल द्यायची म्हणजे मँटलसमोर एक आयता माणूस बेसवर उभा करायचा. एवढ्या दांडग्या मोसमात त्या किमतीला कुणी तयार झालं नाही. मॅरिसच्या नावापुढच्या शून्यात मी आता कायम मँटलला उभा पाहतो.

पुढच्या वर्षी १८ मे रोजी मँटल पहिल्या बेसकडे धावताना मांडीचा स्नायू दुखावून कोसळला. चारच दिवसांनी, २२ मे १९६२ ला, यँकीज लॉस एंजलिस एंजल्सविरुद्ध बारा डावांचा सामना खेळले. त्या एका सामन्यात कॅचर चार वेळा उठून उभा राहिला, चार वेळा हात बाजूला लांबवला गेला, आणि मॅरिसनं चार वेळा बॅट खाली टाकून पहिल्या बेसची वाट धरली.